वाचण्याचा वेग आणि वाचलेले कळणे

मुलांचे वाचन कच्चे राहण्याचे सगळे खापर नापास न करण्याच्या धोरणावर फोडलेले मला पटत नाही. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी-आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवता येते. पण वाचनाचा पाया तर त्याच्या बराच आधी घातला जातो.

बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारात शेजारचा चौथीतला मुलगा गुजराती शाळेत जातो. परवा त्याने पावसावरचा धडा न अडखळता वाचला, मात्र शेतकऱ्याने पेरणी का लांबवली असेल, असे विचारल्यावर त्याने पाने चाळली आणि म्हणाला, "काकू, हे धड्यात दिलेलंच नाहीये." त्याचे म्हणणे खरेच होते, म्हणून तर मी विचारले होते!

वाचन-गणिताचा पाया पक्का करण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या २०२१च्या ‘निपुण भारत’ मोहिमेचे तिसरीअखेरचे लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून वाचण्याचे आहे, परंतु घड्याळ लावून शब्द मोजणे सोपे असल्यामुळे अर्थाकडे काणाडोळा होतो. सयाजीरावांनी १९०६मध्ये बडोदा राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१०पासून गावोगावी ग्रंथालये उभारायला घेतली, कारण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल तर शिकलेले विसरते, हे त्यांनी ओळखले होते.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत निकालासोबतच, शाळेच्या कपाटातली किती पुस्तके मुले घरी नेतात, हेही विचारावे.