डेव्हास्टेटर: संच लावण्याआधी

किट, म्हणजे वरून लावायच्या सुट्या भागांचा संच, लावल्यावर हॅस्ब्रोचा २०१५ चा डेव्हास्टेटर हा ट्रान्सफॉर्मर्स मालिकेतला खेळण्यातला रोबो परिपूर्ण होतो, हे तुमचं मत अर्धंच पटलं. नवे हात-पाय लावले की तो खरंच रुबाबदार दिसतो. सुटी बोटं वळतात, रुंद पावलांमुळे अठरा इंची धूड डुलत नाही. पण हे सगळं सहा रोबो जोडून झालेल्या राक्षसाचं झालं. त्यातले स्क्रॅपर, हुक, बोनक्रशर हे रोबो वेगळे उभे करा, त्यांचे कोपर तसेच ताठ! टाकारा टॉमी या जपानी कंपनीने युनाइट वॉरिअर्स मालिकेतल्या आपल्या आवृत्तीत कोपर वाकते केले, त्यामुळे सुटे रोबोही हातात घेऊन खेळावेसे वाटतात. मला तरी तीच आवृत्ती जवळची वाटते.

आणि एक कळकळीची विनंती, किटचे भाग जोडताना खुंटी जोर लावून भोकात दाबू नका. माझ्या संचातली एक ५ मिमीची खुंटी भोकापेक्षा जराशी जाड निघाली. दाबताच कडेला पांढरी रेघ उमटली, म्हणजे प्लास्टिक ताणलं गेलं होतं. मग बारीक पॉलिश पेपरने दोन-दोन फेरे घासत, दर वेळी बसवून पाहिली. अर्धा तास गेला, पण जोड वाचला. उलट सांधा सैल असेल तर खुंटीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या. पूर्ण वाळल्यावरच जोडा.