२००८ ची ई-क्लास, फर्स्ट ओनर, पुणे पासिंग. डीलर फारच कमी सांगतोय, काय करू?

कर्वेनगरी
मंडळी नमस्कार. बाबांची मर्सिडीज ई २८० आहे, २००८ ची, पेट्रोल व्ही६, एमएच १२ पासिंग, ७१ हजार किमी, कुठेही ठोकलेली नाही. बाबांना आता गुडघ्यांमुळे एवढ्या खाली बसून परत उठायला त्रास होतो म्हणून उंच गाडी घेतोय आणि सोसायटीत पार्किंग एकच. १५ वर्षं झाल्यावर री-पासिंग करून घेतलंय, आरसी २०२८ पर्यंत व्हॅलिड आहे, ग्रीन टॅक्स भरलाय, एचएसआरपी प्लेट पण लावलीये. सर्व्हिसची सगळी बिलं बाबांनी फायलीत लावून ठेवलीत, अगदी वायपर ब्लेडचं सुद्धा.
आता गंमत अशी की जुन्या गाड्यांवाला येतो, गाडीभोवती फिरतो, पेंट मीटर लावून बघतो, "साहेब गाडी एक नंबर ठेवलीये" म्हणतो आणि मग सव्वातीन लाख सांगतो. माझ्या डोक्यात साडेसहा होते. मी जास्त धरतोय का? आणि दुसरं म्हणजे अशा गाडीला गिऱ्हाईक मिळतं कुठे? ऑनलाइन जाहिरात टाकली तर "लास्ट प्राइस?" सोडून कोणी काही विचारतच नाही.

गॅरेजवाला_नाना
डीलरवर चिडू नकोस, त्याचं गणित वेगळं असतं. ही गाडी त्याच्याकडे सहा महिने पण उभी राहू शकते, तेवढे पैसे अडकले, बॅटरी बसली, वर मार्जिनवर १८ टक्के जीएसटी, आणि विकल्यावर गिअरबॉक्सने काही आवाज केला तर गिऱ्हाईक त्याच्याच दारात येणार. तू खाजगी माणूस, दुसऱ्या खाजगी माणसाला विकलीस तर जीएसटीचा प्रश्नच नाही. तरी साडेसहा जास्तच आहे रे. जाहिरातीत साडेपाच लाव आणि पावणेपाचला द्यायची मनाची तयारी ठेव.
एक लक्षात घे, या गाडीची किंमत गाडीवर नाही ठरत, घेणाऱ्याच्या भीतीवर ठरते. नव्यात पन्नास लाखाच्या आसपासची गाडी पाचात मिळते पण पार्ट पाचाच्या भावात मिळत नाही, हे आता सगळ्यांना कळलंय. तर ती भीती जेवढी कमी करशील तेवढा भाव मिळेल. डब्ल्यू२११, म्हणजे तुझ्या ई-क्लासच्या या पिढीचा कंपनीचा कोड, म्हटलं की जो वाचून येतो तो दोन गोष्टी विचारतोच. पहिली एसबीसी ब्रेक, ते इलेक्ट्रॉनिक ब्रेक सुरुवातीच्या गाड्यांना होते, २००६ च्या फेसलिफ्टला कंपनीने काढून टाकले, म्हणजे तुझ्या गाडीला साधे हायड्रॉलिक आहेत, हे जाहिरातीत ठळक लिही. दुसरी बॅलन्स शाफ्ट, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणारा फिरता दांडा. या व्ही६ च्या सुरुवातीच्या इंजिनांत त्याचं गिअर झिजायचं आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं. नंतरच्या इंजिनांत ते सुधारलं, पण तुझं कुठलं ते इंजिन नंबरवरून बघून घे आणि बरोबर निघालं तर नंबरचा फोटोच टाक. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं त्याचं बिल फायलीत सगळ्यात वर लाव.
आणि बोनेट उघडून काचेखालची सुकलेली पानं आधी काढ. तिथली नळी तुंबली की पावसाळ्यात पाणी आत यायला लागतं. जाणकार माणूस सगळ्यात आधी तिथेच बोट घालतो आणि मग गालिचा उचलून वास घेतो.

वाकडवासी
नाना म्हणतात ते बरोबर, फक्त एक जोडतो, फोटो संध्याकाळी लाल उजेडात काढू नका, सगळे ते इन्स्टा टाइप फोटो बघून वैतागलेत. सकाळी गार इंजिन स्टार्ट करतानाचा एक सलग व्हिडिओ टाका, मध्ये कट न मारता, मीटर दिसेल असा, सगळ्या वॉर्निंग लाइट पेटून विझताना दिसल्या पाहिजेत. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तिचा पण फोटो टाका. दोन्ही चाव्या आहेत ना? हल्ली ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल पण विचारतात, त्याचं उत्तर तयार ठेवा.
आणि टायमिंग बघा राव. पितृपक्षात फोन वाजणारच नाही, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात वाजेल.

अ‍ॅड_स्मिता
किंमत तुम्ही बघाच, मी कागदांचं सांगते कारण लोक तिथेच ढिलाई करतात. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, चावी दिली, झालं, असं नसतं. आरसीवर बाबांचं नाव आहे तोपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक बाबाच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या केसमध्ये हेच स्पष्ट केलंय, गाडी पुढे बऱ्याच हातांतून फिरली असली तरी जबाबदारी रजिस्टर्ड मालकावर आली. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. डीलरला दिलीत तर तो रजिस्टर्ड आहे का विचारा, २०२३ पासून फॉर्म २९सी भरून गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद पोर्टलवर होते. माझ्या एका अशिलाने हे केलं नाही, आणि डीलरच्या यार्डातली गाडी कोणीतरी एक्सप्रेसवेवर पळवत होतं त्याची ई-चलनं यांच्या मोबाइलवर येत होती.
रोख २ लाख किंवा वर अजिबात घेऊ नका, आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे, आणि तो रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला आहे. आणि बाबांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) गाडीबरोबर जात नाही, इन्शुरन्स कंपनीकडून तसं पत्र घ्या, नव्या गाडीला लागतो.

कर्वेनगरी
स्मिता ताई, नो क्लेम बोनसचं माहीतच नव्हतं, तेवढ्यानेच नव्या गाडीच्या प्रीमियमला बराच फरक पडेल, थँक्यू. नाना, पानं काढली, मूठभर निघाली 🙂 नळी मोकळी होती. किंमत साडेपाच लावतोय. बेंगळुरूहून एकाचा मेसेज आलाय, तो पाच द्यायला तयार आहे, घ्यावं का?

गॅरेजवाला_नाना
त्याला आधी विचार की तिथला लाइफटाइम टॅक्स धरलाय का हिशोबात. कर्नाटकात टॅक्स भरपूर आहे, बरेच जण एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचं ना-हरकत पत्र) निघाल्यावर जागे होतात आणि मग भाव पाडायला बसतात. एकदा एनओसी काढली की तू इथे विकायला पण अडकतोस. इथलाच माणूस पावणेपाच देत असेल तर मी त्याला देईन. टोकन आल्याशिवाय एनओसीला हात लावू नकोस.

वाकडवासी
आणि टेस्ट ड्राइव्हला आधी तुम्ही चालवा, त्याचं लायसन्स बघा मग स्टिअरिंग द्या. डिलिव्हरी दिली की त्याच दिवशी फास्टॅग बंद करा, नाहीतर खेड शिवापूरचा टोल तुमच्याच खात्यातून कटत राहील.