आधी खोली, मग वॅट

घरी गाणी ऐकण्यासाठी दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला की आवाजही दुप्पट होतो, असे काही जण म्हणतात. त्यात थोडी दुरुस्ती सुचवतो. शक्ती दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबलची (आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) भर पडते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. हे गणित आधी ठाऊक असते, तर माझे बरेच पैसे वाचले असते (घरी सांगितलेली किंमत अजूनही खऱ्या किमतीच्या निम्मीच आहे).

सांगलीत आम्ही पाच-सहा जण रविवारी विश्रामबागेत एका मित्राकडे गाणी ऐकायला जमतो. त्याच्या दिवाणखान्यात गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असल्यामुळे आवाज घुमे आणि महागडे स्पीकर असूनही गायकाचे शब्द एकमेकांत मिसळत. एका पावसाळ्यात त्याच्या आईने दोन जाड गोधड्या दिवाणखान्यातच समोरच्या दोरीवर वाळत घातल्या आणि त्या दुपारी बंदिशीतला शब्द न् शब्द सुटा ऐकू आला. तेव्हापासून गोधड्या तिथेच आहेत. काकूंची कुरकुर तेवढी चालू असते.

स्पीकरच्या तारांवर खर्च करण्यापूर्वी एकदा मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांकडे जाऊन यावे. घोडीवर (तंबोऱ्याच्या तारा टेकतात ती पट्टी) तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवताच जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, कशी खुलते, हे समोर बसून ऐकले, की आपल्या यंत्रातून येणारा तंबोरा कितपत खरा आहे, हे घरी परतल्यावर पहिल्या मिनिटातच कळते.