कोतवाल बुकात नुसतं "ताप" लिहिलंय, म्हणजे नेमका कोणता?

वऱ्हाडी_पाव्हणा:
कुणबी नोंदीसाठी पणजोबांच्या कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल काढली, मोडी लिपीत होती म्हणून वाचून घेतली, तर मृत्यूचं कारण फक्त "ताप". घरच्या वंशावळीच्या वहीत मात्र काकाआजोबांनी "विषमज्वर" लिहून ठेवलंय. म्हणजे टायफॉईडच ना?

मोडीवेडा:
आजच्या मराठीत हो. तोच मुदतीचा ताप, तीन आठवडे मुक्काम ठोकायचा म्हणून मुदतीचा, काही ठिकाणी मोतीझरा. पण कोतवाल काही डॉक्टर नव्हता हो. पटकी (कॉलरा), देवी, प्लेग हे ओळखू यायचे म्हणून वेगळे लिहायचे, बाकी न्यूमोनिया असो की हिवताप, सगळं जायचं "ताप" मध्ये.

काढा_आणि_चाटण:
विषमज्वरावर जरा थांबा. आयुर्वेदात विषमज्वर म्हणजे येऊन-जाऊन येणारा ताप, एक दिवसाआड आला तर तृतीयक, दोन दिवस सोडून आला तर चतुर्थक. हे वर्णन हिवतापाच्या जवळ जातं, टायफॉईडच्या नाही. मराठीत तेच नाव टायफॉईडला चिकटलं आणि घोळ झाला. त्यामुळे काकाआजोबांच्या मनात कोणता होता काय माहीत.

मोडीवेडा:
हेही खरंय. बरं साल कोणतं? ते आधी सांगायचं ना राव

वऱ्हाडी_पाव्हणा:
सॉरी. ऑक्टोबर 1918. पणजोबा चार दिवसांत गेले, त्याच आठवड्यात त्यांचा धाकटा भाऊ आणि वहिनी पण. त्या पानावर वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप.

घाटावरची_सून:
अहो मग ही मानमोडी! 1918 चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबईत आला तेव्हा त्यामानाने सौम्य होता, सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट भयंकर, त्यात तुमचा मध्य प्रांत-वऱ्हाड फार होरपळला. देशात कोटीच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक सरकारी कागदांवर अशीच "ताप" म्हणून चढलीत. आणि टायफॉईड असा चार दिवसांत सहसा नेत नाही.

वऱ्हाडी_पाव्हणा:
आजी म्हणायची "मानमोडीत घर बसलं आपलं". मला इतकी वर्षं वाटायचं भाऊबंदकीतली मारामारी झाली असेल 🙈 आता वहीतलं विषमज्वर खोडू का?

मोडीवेडा:
खोडू नका, काकाआजोबांचं अक्षर आहे ते. बाजूला पेन्सिलीने मानमोडी लिहा, आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.