जुन्या पीपीटी फाइली नव्या पॉवरपॉइंटमध्ये उघडत नाहीत

प्रश्न (वडोदरा):
नमस्कार. माझे दिवंगत वडील येथील कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांवर व्याख्याने देत असत आणि त्यासाठी त्यांनी चार सादरीकरणे तयार केली होती. सीडीवरून त्या पीपीटी फाइली मी लॅपटॉपवर उतरवल्या आहेत. १९९६ सालच्या दोन फाइली नवे पॉवरपॉइंट स्वीकारतच नाही. उरलेल्या दोहोंपैकी मीरेच्या चित्रांची फाइल वाचता येत नाही, असा संदेश येतो. गंगावतरणाची फाइल उघडते, परंतु मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. हा सारा मजकूर वाचवता येईल का?

पहिले उत्तर:
सर्वप्रथम मूळ सीडी बाजूला ठेवा आणि केवळ प्रतींवर काम करा. १९९६ च्या फाइली बहुधा पॉवरपॉइंट ९५ च्या असाव्यात. ९७ पासून फाइलीची रचना बदलली आणि सध्याच्या आवृत्त्या त्याआधीची रचना वाचत नाहीत. एखाद्या जुन्या संगणकावर पॉवरपॉइंट २००३ मिळाले, तर तेथे त्या उघडून ९७-२००३ या प्रकारात जतन करा. मात्र त्यावर २००७ सालचा सर्व्हिस पॅक ३ (मायक्रोसॉफ्टचा सुधारणा-संच) बसवलेला असल्यास ९७ पूर्वीच्या फाइली मुद्दाम रोखलेल्या असतात, त्यामुळे तो नसलेला संगणक शोधावा.

वाचता न येणारी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. सुरुवातीला आडवी रेघ मारलेला डी आणि डोक्यावर दोन टिंबे असलेला आय दिसला, तर निदान फाइलीचा आरंभ तरी शाबूत आहे. पीके ही अक्षरे दिसली, तर ती पीपीटीएक्स, म्हणजे पॉवरपॉइंटच्या नव्या प्रकारची फाइल असू शकते. नावाच्या शेवटी .ppt ऐवजी .pptx करून पाहा. सगळेच कोरे दिसल्यास प्रत करतानाच मजकूर उतरलेला नाही, म्हणून सीडी मऊ कापडाने पुसून दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा प्रयत्न करावा.

दुसरे उत्तर:
गिचमिडीबद्दल काळजी नसावी, मजकूर नष्ट झालेला नाही. त्या काळचे शिवाजी, श्रीलिपी यांसारखे फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेताचे नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. मजकुरावर क्लिक केल्यावर वर फॉन्टचे नाव दिसेल. तोच फॉन्ट वडिलांच्या जुन्या संगणकातून आणून बसवा, म्हणजे मराठी दिसू लागेल, आणि मग त्याच फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणा. दुसऱ्या फॉन्टचा परिवर्तक वापरल्यास जोडाक्षरे बिघडतात, म्हणून प्रत्येक ओळ मूळ स्लाइडशी ताडून घ्यावी.

तिसरे उत्तर:
एक कळकळीची विनंती आहे. स्लाइडखालचा टिपणांचा भाग अवश्य उघडून पाहावा, कारण व्याख्याते आपले बोलणे बहुतेक वेळा तेथेच लिहून ठेवतात आणि चित्रांहूनही ते मोलाचे असते. नेहमीच्या पद्धतीने पीडीएफ केल्यास ही टिपणे त्यात येत नाहीत. त्यासाठी नोट्स पेजेस हा पर्याय निवडावा लागतो.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाचता न येणारी फाइल खरोखरच कोरी होती. सीडी पुसून शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवर घातल्यावर ती पूर्ण उतरली. फॉन्ट शिवाजी निघाला आणि तो बसवताच गंगावतरणाच्या पहिल्या स्लाइडखाली वडिलांचे दीड पानांचे टिपण वाचता आले. १९९६ च्या दोन फाइलींसाठी पॉवरपॉइंट २००३ असलेला संगणक अजून शोधतो आहे. वडोदऱ्यात कोणाकडे असल्यास कृपया कळवावे, मी फाइली घेऊन येईन.