बहीण दिसायला वेगळी असेल तर घरात त्यावर बोलायचं की नाही?

नौपाड्याचा_दादा
पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या. आईच्या ओळखीचं एक जोडपं आहे, त्यांना एक मुलगा आहे आणि आता ईशान्येकडची मुलगी दत्तक मिळतेय. त्यांनी आईला विचारलं, तुम्ही कसं निभावलंत? आई म्हणाली, "आम्ही कधी फरकच केला नाही, घरात विषयच काढला नाही." फरक केला नाही हे शंभर टक्के खरं आहे, मी साक्षीला आहे. पण विषय काढला नाही याचा अभिमान बाळगू नये असं मला मनापासून वाटतं आणि त्यावरच इथे बोलायचंय.

माझ्या बहिणीचा जन्म आसाममधला. बाबा बँकेत, तेव्हा गुवाहाटीला बदली होती, तिथल्या संस्थेतून ती आमच्याकडे आली तेव्हा ती नुकती चालायला लागली होती आणि मी पहिलीत होतो. तिचा चेहरा असा की लोक लगेच "नेपाळी का?" विचारतात. शिकली सगळी ठाण्यात, मराठी माध्यमात, व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं. तरी जांभळी नाक्याला भाजी घ्यायला गेली आणि "काका, मेथी कशी दिली?" विचारलं की उत्तर येतं "बीस रुपया मॅडम". ती परत मराठीत, तो परत हिंदीत, शेवटी ती पैसे देते आणि गप्प निघते. हे एकदा बघितलं तर काही वाटत नाही, पण तिचं हे रोजचं आहे, रिक्षात, बँकेत, सोसायटीच्या गेटवर नवीन वॉचमन आला की.

शाळेत मुलं तिला चिंकी म्हणायची. मी तेव्हा सातवीत, एकाला धरून मारलं, शर्ट फाटला. घरी विचारलं का मारामारी केलीस, तर मी सांगितलं क्रिकेटवरून. कारण आमच्या घरात ती वेगळी दिसते हे वाक्य कोणी उच्चारतच नव्हतं, मग मी ते पहिल्यांदा कसं उच्चारणार? तिनेही जेवताना मान डोलावली, हो क्रिकेटवरूनच. म्हणजे आईबाबांना त्रास नको म्हणून दोन पोरं मिळून खोटं बोलत होती. आणि "तिच्याबरोबर जा, एकटी सोडू नको" हे काम मला कायमचं लावलेलं होतं पण का, ते कधीच सांगितलं नाही.

2020 मध्ये किराणाच्या रांगेत एक माणूस तिच्याकडे बघून "कोरोना, कोरोना" ओरडला. तेव्हा दिल्लीत, बंगळुरात ईशान्येकडच्या मुलामुलींना हेच ऐकावं लागत होतं. आई म्हणाली, दुर्लक्ष कर, अडाणी माणूस. झालं, विषय बंद.

माझं म्हणणं एवढंच की घराबाहेर फरक होणारच आहे, तर त्याबद्दल घरात मोकळं बोलायला पाहिजे, दोन्ही मुलांसमोर आणि लहानपणापासून. तुम्हाला काय वाटतं?

वाशीची_बाई_निवृत्त
अरे बाळा, तळमळ समजली पण मला हे पटत नाही. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, वर्गात दत्तक मुलं होती. ज्या घरात सारखी चर्चा ती मुलं सारखी घाबरलेली असायची, एकीने मला विचारलं होतं की बाई, मी नापास झाले तर आई मला परत देऊन टाकेल का? आईने बिचारीने प्रामाणिकपणे सगळं सांगितलं होतं, पुस्तकं वाचून. मुलाला सारखं तू वेगळा तू वेगळा दाखवलं की ते घरातसुद्धा पाहुण्यासारखं वागायला लागतं.

आणि दत्तक आपल्याकडे कालपरवाचं नाही. सयाजीराव 1875 ला कवळाण्याहून बडोद्याला दत्तक गेले, शाहू महाराज 1884 ला कागलच्या घाटग्यांकडून कोल्हापूरला. घरच्यांनी आपलं म्हटलं की झालं. तुझ्या आईने तेच केलं आणि तू तिच्याकडे बोट दाखवतोयस, वाईट वाटलं.

नौपाड्याचा_दादा
बाई, आईकडे बोट नाही हो. ती नसती तर मला बहीणच नसती.
पण शाहू महाराजांचंच घ्या. ते कोणाचे मुलगे हे सगळ्या मुलखाला माहीत होतं, धाकटे भाऊ बापूसाहेब त्यांच्याबरोबरच राजकोटला शिकायला होते, भाऊ तुटला नाही. झाकलं काय होतं तिथे? शिवाय ती गादीसाठीची दत्तकं. कोल्हापुरात त्यांना कोणी तुम्ही कुठल्या देशाचे विचारत नव्हतं.

खारघर_टू_जर्सी
दादाला पूर्ण पाठिंबा. माझा दीर इथे न्यू जर्सीत, बायको गोरी अमेरिकन, त्यांना एक मुलगी झाली आणि नंतर काळा मुलगा दत्तक घेतला. इकडे हा वाद खूप जुना आहे. काळ्या समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेने 1972 मध्ये गोऱ्या घरात काळी मुलं द्यायला उघड विरोध केला होता, म्हणणं असं की ते घर त्या मुलाला बाहेरच्या जगात जगायला कसं शिकवणार? उलट बाजूने, योग्य रंगाचं घर मिळेना म्हणून मुलं वर्षानुवर्षं अडकून पडायची. मग 1994 ला कायदा आला, 1996 ला अजून कडक केला, की वंशाच्या कारणाने दत्तक लांबवायचं नाही. मुलांना घरं मिळायची सोय झाली पण घरात गेल्यावर काय बोलायचं ते कायदा थोडाच सांगतो.

दिराकडचं सांगते. मुलगा गाडी शिकायला लागला तेव्हा त्याला बसवून सांगितलं, पोलिसाने थांबवलं तर हात स्टिअरिंगवर ठेवायचे, न विचारता खिशात हात घालायचा नाही. मुलगी मोठी, तिला लायसन्स आधीच मिळालेलं, ती म्हणाली मला हे कोणी कधी सांगितलं नाही. मग दोघांना समोरासमोर बसवून आईबापांनी का ते सांगितलं. पोरगी रडली. पण आता दोघं गाडीत असतील आणि पोलीस आला तर आपण कसं वागायचं हे तिला माहीत आहे, उगाच तावातावाने भांडायला जाऊन भावाला अडचणीत आणणार नाही.

कळव्याचा_एक
मी स्वतः दत्तक आहे. दादा, राग मानू नकोस पण तुझ्या पोस्टमध्ये तूच जास्त दिसतोस. तू मारलंस, तुला काम लावलं, तू खोटं बोललास. ती काय म्हणते? तिचा आसाम, तिची शाळा, तिची रांग, आणि लिहिणारा तू. मला माझ्या ताईने असं चारचौघांत लिहिलेलं अजिबात चालणार नाही. आमच्याकडे सगळं सांगितलेलं होतं, काही लपवलं नाही, पण ताईला सवय, नवीन माणूस घरी आला की "आम्ही याला दत्तक घेतलंय, पण आम्हाला तसं वाटत नाही". अगं मग सांगतेस कशाला? बोलणं कधी काढायचं हे माझ्या हातात पाहिजे, घरच्यांच्या नाही.

आणि एक. मी दिसायला बाबांसारखा, त्यामुळे तुझ्या बहिणीचं मला पूर्ण कळेल असं नाही, हे मान्य.

नौपाड्याचा_दादा
प्रश्न बरोबर आहे. पोस्ट तिने आधी वाचली, दोन वाक्यं काढायला लावली, नाव गाव नको म्हणाली, मग टाकली. तिचं मत विचारतोस तर, बाहेरच्यांसमोर विषय काढायचा नाही हे ती तुझ्यासारखंच म्हणते. मूळ शोधायला जायचं तिच्या डोक्यात नाही. पण घरात बोलायला हवं होतं यावर ती माझ्याहून ठाम आहे. तिचं उदाहरण देतो, तिनेच दे म्हणून सांगितलंय. डॉक्टरकडे गेलं की फॉर्ममध्ये घरात कोणाला शुगर, थायरॉइड, बीपी. आई शेजारून पटकन सांगून टाकायची, मला शुगर आहे. म्हणजे आईला ती इतकी आपली वाटते की विसरायलाच होतं! पण त्या चुकीच्या माहितीवर हिच्या टेस्ट ठरणार. हिने डॉक्टरांना एकटं गाठून सांगितलं की मला माहीत नाही, आणि घरी येऊन आईला वाईट वाटेल म्हणून गप्प.

लग्नाचं निघालं तेव्हा तेच. पत्रिका मागतात, जन्मवेळ कुठून आणणार? मावशी म्हणाली अंदाजे टाका. आईसुद्धा तयार झाली होती. बहीण म्हणाली, खोटी वेळ टाकून आलेलं स्थळ मला नको. घरात या विषयावर झालेलं ते पहिलं उघड बोलणं, तिच्या वयाच्या बाविसाव्या वर्षी.

घोडबंदर_वकील
मूळ शोधण्यावरून थोडी माहिती, गैरसमज फार असतात म्हणून. आत्ताच्या नियमांप्रमाणे अठरा पूर्ण झालेली दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी दत्तक आईवडिलांबरोबर मिळून. जन्मदात्यांची गोपनीयता मात्र राखली जाते, सगळं मिळेलच असं नाही. आणि 2015 च्या बाल न्याय कायद्याने झालेल्या दत्तकात मूल सर्व बाबतीत, वारसाहक्कासकट, त्या घरचंच. भावंडांत कायदा फरक करत नाही. बाकी वाद तुमचा चालू द्या.

वाशीची_बाई_निवृत्त
डॉक्टरांचं वाचून थांबले जरा. ते तुझं बरोबर आहे, आजारपणात खोटं नको. पण बाकी माझं मत तेच. घरात रोज उगाळायचं नाही. बोलायचं ते शाळेने बोलायला हवं, वर्गात चिंकी म्हणणाऱ्या पोराला धरून बाईंनी समजवायला हवं होतं, ते सोडून सातवीतल्या मुलाच्या अंगावर पडलं याची मला एक शिक्षिका म्हणून चीड आली. बाहेरच्यांनी चुकायचं आणि घरच्यांनी चर्चा करत बसायचं, हा कुठला न्याय?

खारघर_टू_जर्सी
बाई, शाळा सुधारेपर्यंत पोरगी कॉलेजात जाते हो. दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याला केसांवरून हिणवलं, मारहाण झाली आणि तो गेला, 2014 मध्ये. सरकारने ईशान्येकडच्या लोकांना होणाऱ्या त्रासावर बेझबरुआ समिती नेमली, अहवालही आला. तरी 2020 मध्ये दादाच्या बहिणीला रांगेत काय ऐकावं लागलं ते वर लिहिलंय.

पाचपाखाडी_आई
मला खरंच मदत हवीये. आम्ही दत्तकासाठी रांगेत आहोत, गृहभेट झाली, मोठा आठ वर्षांचा, पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लेखी घेतात म्हणून त्याच्याकडूनही लिहून घेतलं, त्याने "मला बहीण चालेल पण सायकल वेगळी" असं लिहिलंय. राज्य आम्ही कुठलंही चालेल म्हटलंय. मी त्याला रोज सांगते की तू मोठा, तिला सांभाळायचं, कोणी काही बोललं तर तू मध्ये पडायचं. वरचं सगळं वाचून पोटात गोळा आला. हे सांगू की नको?

नौपाड्याचा_दादा
ताई, माझं ऐकाल तर मध्ये पडायचं काम त्याला देऊ नका. कोणी काही बोललं तर लगेच आम्हाला येऊन सांग, आम्ही बघू, असं सांगा, आणि त्याने सांगितलं की खरंच शाळेत जा, दुर्लक्ष कर म्हणू नका. आपली मुलगी आपल्यापेक्षा वेगळी दिसू शकते, लोक वेडंवाकडं विचारतील, हे ती यायच्या आधी त्याला तुम्हीच सांगा, बाहेरून कळायला नको. तिची संस्था, तिथला फोटो, तिथे तिला कोणी सांभाळलं, असेल तेवढं सगळं जपून ठेवा. आमच्या अल्बममध्ये माझे पाळण्यापासूनचे फोटो आहेत आणि तिचा पहिलाच फोटो फ्रॉक घालून उभी असलेला, त्याच्या आधीचं संस्थेत मागितलं असतं तर एखादा मिळाला असता, बाबा म्हणतात तेव्हा सुचलंच नाही.

मूल घरी आल्यावर पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेकडून पाहणीला येतात, त्यांना मुलाशीही वेगळं बोलायला सांगा. आणि सायकल वेगळी म्हणजे वेगळीच द्या त्याला.

कळव्याचा_एक
सायकलवर सहमत. आणि ताई, पाहुण्यांसमोर नको. तेवढं मात्र लक्षात ठेवा.