एमएस: घरी व्यायामासाठी एकच वस्तू घ्यायची आहे, काय घेऊ?

सावली
रिलॅप्सिंग-रिमिटिंग एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार; माझ्या प्रकारात त्रास उसळतो आणि मग ओसरतो) आहे. चालता येतं, पण १०-१२ मिनिटांनी उजवं पाऊल घासायला लागतं. अंग तापलं की डाव्या डोळ्यासमोर धुरकट होतं. दुपारनंतर तर हात उचलायलाही जीव होत नाही. फिजिओ म्हणतात व्यायाम थोडा करा, पण रोज करा. बजेट बेताचं, एका साध्या खुर्चीच्या किमतीएवढं. जागाही तेवढीच. ट्रेडमिल नको. खुर्चीत बसून मारायचं छोटं पॅडल पाहिलं आहे, ते चालेल का?

पायवाट
पॅडल नको, सरकतं. बजेट थोडं ताणा आणि रिकम्बंट सायकल (मागे टेकून बसायची व्यायामाची सायकल) घ्या. पाठीला टेकू मिळतो, तोल जायची भीती नाही. माझी तीन वर्षं रोज चालते आहे, एक स्क्रू ढिला झालेला नाही. सायकलच्या पॅडलला टाचेमागे कप आणि वरून वेल्क्रोचा पट्टा हवाच, नाहीतर लोंबणारं पाऊल पुढे घसरून घोटा मुरगळतो. सीट अशी लावा की पाय सगळ्यात लांब गेला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील. पूर्ण ताठ झाला की ताठरपणा असलेला पाय तिथेच अडकतो.

शंखनाद
मूळ दुखणं उष्णतेचं आहे, सायकलने ते कसं जाईल? डोळ्याचं जे लिहिलंय तो उथॉफ परिणाम. विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलेला. मायलिन (नसेवरचं आवरण) गेलेल्या नसेतून संदेश आधीच जेमतेम जात असतो, शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडतो. अंग थंड झालं की नजर परत येते, नवीन इजा झालेली नसते. कूलिंग व्हेस्ट (अंग गार ठेवणारं जाकीट) घ्या.

गोधडी
व्हेस्ट घेताना प्रकार बघा. पाण्यात भिजवायचं व्हेस्ट कोरड्या हवेतच उपयोगी. दमट हवेत पाणी उडतच नाही, अंगावर नुसतं ओलं ओझं. बर्फाच्या पिशव्यांचं गार करतं, पण जड असतं आणि कापडाशिवाय त्वचेवर ठेवायचं नाही. जिथे संवेदना कमी आहे तिथे थंडीने कातडी पोळली तरी कळत नाही. त्यापेक्षा व्यायामाआधी २०-३० मिनिटं कंबरेपर्यंत पाण्यात बसा, सुरुवात कोमट पाण्याने करून हळूहळू गार करत न्या. समोर पंखा, मानेवर ओला टॉवेल आणि गार पाण्याचे घोट. याला खर्च शून्य.

केवडा
रिकम्बंट सायकलला +१. पॅडल सरकतं.

शंखनाद
आणि थकव्यासाठी मोडाफिनिल (जागं ठेवणारी गोळी) लिहून घ्या डॉक्टरांकडून.

मंद्रसप्तक
एवढं सोपं नाही ते. २०२१ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत चाचणी आली होती. अमँटाडीन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट, तिन्ही एमएसच्या थकव्यावर नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत, त्रास मात्र जास्त झाला. आधी थकव्याची दुसरी कारणं शोधा. रात्री लघवीला तीन-तीनदा उठणं, घोरणं, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, मन खचलेलं असणं. बॅक्लोफेन आणि टिझानिडिन या स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या गोळ्यांनी सुस्ती येते, त्यांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून बदलता येतात. आणि लघवीच्या धास्तीने पाणी तोडू नका.

शंखनाद
काहींना उपयोग होतो.

मंद्रसप्तक
होत असेल. पण ती पहिली पायरी नव्हे.

पाऊलखूण
वस्तूपेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं, त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. व्यायाम सकाळी करा, तेव्हा शरीराचं तापमान कमी असतं. ३ मिनिटं पॅडल, २ मिनिटं विश्रांती, असे चार फेरे. बोलता येईल इतकाच जोर. आठवडा नीट गेला की प्रत्येक फेरीत १ मिनिट वाढवा. एकाच वेळी जोर आणि वेळ दोन्ही वाढवू नका, बिघडलं तर कशाने ते कळत नाही. चालताना कान पायाकडे ठेवा. पाऊल दिसायला घासण्याआधी चपलेचा 'खस्स' आवाज बदलतो, दोन पावलांतलं अंतर असमान होतं. तिथेच थांबायचं. दुसऱ्या दिवशीही थकवा उतरला नाही तर फेरी एकने कमी. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीतून उठबस, ५ वेळा, हात टेकवून. अंग थंड झाल्यावरही लक्षणं २४ तासांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना कळवा. ताप किंवा लघवीचा संसर्ग आधी तपासतील.

केवडा
सायकलच घ्या हो.

सावली
सगळ्यांचे आभार. छोटं पॅडलच घेतलं. सरकू नये म्हणून खाली रबरी मॅट, पॅडलची पुढची बाजू भिंतीला टेकवलेली आणि खुर्ची बिनचाकांची. पायवाट यांनी सांगितलेल्या कपाऐवजी टाचेमागे आडवा पट्टा शिवून घेतला. बाकी वेळापत्रक पाऊलखूण यांचं, पंखा आणि टॉवेल गोधडी यांचे. बी१२ आणि थायरॉइडची तपासणी पुढच्या भेटीत करून घेते.

पायवाट
बघा, सरकलं तर सायकलचं मॉडेल सांगतो.